अग्निसुरक्षेच्या साच्यातलं तर्कशास्त्र

प्रिय नाहीबाई,

हे पत्र कागदावर का लिहिते आहे ते आधी सांगते, म्हणजे माझ्या अक्षराला नावं ठेवायला तू मोकळी होशील. गेले कित्येक महिने मी तुला फोनवर जे जे लिहिलं, त्याला तुझ्याकडून एकच उत्तर आलं: पिवळा अंगठा. मी लिहिलं, संस्थेनं आपला वर्ग बंद केला. अंगठा. मी लिहिलं, त्याऐवजी आता ऑनलाइन कोर्स करायचा म्हणतात. अंगठा. शेवटी वैतागून लिहिलं की तर्कशास्त्र हा विषयच निरुपयोगी आहे आणि तो शिकवणाऱ्यांना एकेक नारळ देऊन घरी पाठवावं. त्यालाही अंगठा, वर 'बरोबर आहे' ही पुस्ती! कागदाला अंगठा दाखवता येत नाही. दाखवायचाच म्हटलं तर पाकीट, तिकीट, टपालपेटी एवढा व्याप करावा लागेल, आणि तुझा आळस मी कॉलेजापासून ओळखून आहे.

तर वर्तमान असं. प्राचार्यांनी एक दिवस बोलावून घेतलं आणि सांगितलं की आपला 'तर्कप्रवेश' नव्या सत्राच्या आत ऑनलाइन गेला पाहिजे. मी म्हटलं, वर्षभराचा विषय आहे हो, इतक्यात कसा व्हायचा? तर म्हणाले, "बाई, तयार साचे आणलेत. तुम्ही फक्त मजकूर ओतायचा. हिशेबनिसांचा कोर्स दोन दिवसांत उभा राहिला." 'ओतायचा' हे क्रियापद त्यांनी इतक्या सहज वापरलं की आपण शिक्षिका आहोत की गवंडी, असा मला क्षणभर संशय आला. संशयाला आपल्या शास्त्रात मोठा मान आहे, पण प्राचार्यांच्या खोलीत नाही. मी 'बरं' म्हणून बाहेर आले. माझ्या स्वभावात ते आहेच. मुलं मला उगाच होबाई म्हणत नसत.

साच्यांचं काम पाहायला एक बाई नवी नेमली आहे. पस्तिशीची, केस आखूड आणि बोलणं त्याहून आखूड. तिला मी मनातल्या मनात साचेवाली म्हणते. एकदा तोंडावरही म्हणून बसले, पण तिनं मनाला लावून घेतलं नाही, हा तिचा मोठेपणा. तिच्यापुढे वीसेक कोर्स रांगेत उभे आहेत आणि प्रत्येकाला कालच व्हायला हवं आहे, त्यामुळे तिच्यावर चिडणंही जड जातं. तिनं माझ्या टिपणांची पहिली पानं चाळली आणि विचारलं, "बाई, तुमच्यात धूर आहे ना? डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं विस्तव असणार, असं काहीतरी?" मी म्हटलं, आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच आहे. तिचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. अग्निसुरक्षेचा साचा तयार आहे. गोदामातल्या कामगारांसाठी केला होता. धूर, विस्तव, बाण, चित्रं, सगळं आत आहे. नव्यानं काढायलाच नको."

हसू नकोस. किंवा हस, मला बरं वाटेल.

त्या साच्यात पाठाच्या शेजारी एक गृहस्थ उभे असतात. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात शिट्टी, चेहऱ्यावर अकारण आनंद. मी 'अनुमान म्हणजे काय' असा मथळा घातला की ते त्याकडे बोट दाखवतात. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतात, चुकलं की शिट्टी. त्यांना काढता येत नाही, कारण ते साच्यात 'घट्ट बसवलेले' आहेत. प्रत्येक पाठाच्या आरंभी एक वाक्य सक्तीचं: 'या पाठानंतर आपण अमुक ओळखू शकाल आणि अमुक टाळू शकाल.' ओळखू शकाल तिथं मी 'हेतू', म्हणजे अनुमानाचा आधार, घातला. टाळायला काहीच सुचेना, आणि ती जागा रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडत नाही. शेवटी मी 'गैरसमज' लिहून सुटका करून घेतली. सत्य-असत्याचा नसेल त्या प्रश्नाला चार पर्याय हवेतच, आणि चौथा पर्याय 'वरील सर्व' हा आधीच लिहिलेला. 'डोंगरावर विस्तव आहे', 'डोंगरावर विस्तव नाही', 'निश्चित सांगता येत नाही' आणि 'वरील सर्व'. आपले गुरुजी असते तर त्यांनी ही चौथी ओळ वाचून संन्यास घेतला असता.

कळस पुढे आहे. धूर पाहून विस्तव आहे असा निष्कर्ष विद्यार्थ्यानं बिनचूक काढला की पडद्यावर हिरवी चौकट उमटते: 'शाब्बास! आता न धावता, शिस्तीत, जवळच्या दारानं बाहेर पडा.' साचेवालीच्या नजरेतून ती ओळ निसटली होती. माझ्याही. चाचणीसाठी आम्ही काही लोकांना बसवलं होतं: एक परिचारिका, एक निवृत्त फौजदार, वकिलीच्या परीक्षेला बसलेली काही मुलं. त्यांनी निष्कर्ष काढला, चौकट वाचली आणि सगळे शिस्तीत उठून बाहेर गेले. फौजदारांनी तर जाताना दार धरून ठेवलं. मी आत एकटी उरले, शिरस्त्राणधारी टाळ्या वाजवत होते.

ती ओळ आता काढली आहे. पण तुला खरं सांगू? मला राग त्या ओळीचा आला नाही. लोकांना परत आणून बसवल्यावर पुढचे पाठ सुरळीत पार पडले, सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि एकानंही एक शंका विचारली नाही. शेवटी अभिप्रायाची जागा असते. तिथंही तयार वाक्यांतून एक निवडायचं: 'पाठ आवडला', 'पाठ खूप आवडला', 'पाठ अतिशय आवडला'. प्राचार्य आकडे पाहून खूश. मी साचेवालीला म्हटलं, यात 'पुढे' असं बटण आहे, 'मागे' आहे, 'पण' असं बटण कुठं आहे? ती प्रामाणिकपणे शोधायला लागली. बराच वेळ शोधून म्हणाली, "बाई, असं कुणी आजवर मागितलंच नाही." मग तिनं विचारलं, आधी वर्गात हे कसं चालायचं?

आता तूच सांग, हे मी तिला कसं समजावणार? मी सांगितलं, आम्ही दोघी शिकवायचो. ती म्हणाली, म्हणजे आळीपाळीनं? म्हटलं, नाही गं बाई, एकाच वेळी. मी फळ्यापाशी उभी आणि माझी मैत्रीण शेवटच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, उशिरा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीसारखी. मी पहिलं विधान केलं की मागून आवाज यायचा, "नाही. मला हे पटत नाही." नवी मुलं दचकून वळून बघायची. पहिल्या आठवड्यात त्यांना माझी कीव यायची, कोण ही बाई आणि बिचाऱ्या सरळ शिक्षिकेला का छळते आहे! दुसऱ्या आठवड्यात ती तुझ्या बाजूला जायची. मग हळूहळू एखादं पोर माझ्या बाजूनं उभं राहून तुला उत्तर द्यायचं, आणि पुढं पुढं तर आपण दोघी नुसत्या बघत बसायचो आणि भांडणं मुलंच करायची. आधी पूर्वपक्ष, मग सिद्धांत. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, आणि मग जमलं तर खोडायचं. आपल्याला असंच शिकवलं होतं, आपण तसंच शिकवलं. तपासनीस आले होते तो दिवस आठवतो? त्यांनी शेवटच्या बाकावरच्या बाईंना शांत बसायला सांगितलं आणि तू उठून विचारलंस, "का? हेतू सांगा." बिचारे हेतू शोधत चहाच्या वेळेपर्यंत वर्गात थांबले, आणि अहवालात 'उत्साहवर्धक' असा शेरा मारून गेले.

साचेवालीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्या बाईंना बोलवा ना." जशी काही तू पलीकडच्या खोलीत बसली आहेस.

तुझी लेक मला अधूनमधून फोन करते, हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. परवा म्हणाली, "मावशी, आई फार शहाण्यासारखी वागते हो." हे तिनं ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात माणसं ताप उतरत नसल्याचं सांगतात. जावयानं स्वयंपाकघराला शेवाळी रंग काढला आणि तू म्हणालीस, छान आहे. शेवाळी! पडद्याच्या रंगावरून दुकानदाराला घाम फोडणारी तू. नातीनं मुद्दाम तुला सांगितलं म्हणे, की मांजर अंडी घालतं, आणि तुझ्याकडे बघत उभी राहिली. तू म्हणालीस, "हो का? बरोबर आहे." पोरीचा चेहराच पडला. ती आईला जाऊन म्हणाली, आजी माझ्याशी खेळत नाही. नाहीबाई, साच्यातल्या त्या टाळ्या वाजवणाऱ्या गृहस्थांशी माझी दिवसभर गाठ पडतेच. संध्याकाळी फोन लावावा तर तिकडेही टाळ्याच. माणसानं वैतागायचं तरी किती?

भावोजी असते तर त्यांनी यावर काहीतरी बोलून ठेवलं असतं. दातांचा डॉक्टर असून इतका बोलका माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते म्हणायचे, "दवाखान्यात येणारी माणसं तोंड उघडतात पण बोलू शकत नाहीत. घरी आलं की माझी तीच गत." आणि हे सांगताना तुझ्याकडे असे बघायचे, जसं काही फार मोठं बक्षीस मिळालंय. तुमच्याकडे जेवायला आलं की पहिला घास पोटात जाण्याआधी कुठला तरी वाद ताटात पडलेला असायचा. मी मधे पडून 'दोघांचंही बरोबर आहे' म्हटलं की दोघं मिळून माझ्यावर तुटून पडायचात. त्या घरात सगळ्यात असुरक्षित माणूस म्हणजे सहमत होणारा माणूस.

त्यांच्या आजारपणात मी तुझ्याबरोबर होते, म्हणून जे लिहिते आहे ते ऐकीव नाही. सर्जननं येऊन सांगितलं, उद्या ऑपरेशन करू. तू विचारलंस, उद्याच का? न केल्यास काय? दुसरा उपाय का नाही? त्याला सवय नव्हती, पण उत्तरं त्यानं नीट दिली, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हरकत नाही असंही तोच म्हणाला. भावोजी उशीला टेकून म्हणाले, "विचारू द्या हिला. नाहीतर जन्मभर मला ऐकावं लागेल." दुसरं मत आलं, ते पहिल्यासारखंच होतं, ऑपरेशनचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या पहाटे ते गेले. सर्जननं नंतर तुला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं की आधी केलं असतं तरी टेबलावर हेच झालं असतं. उद्याच करू म्हणताना त्यालाही ते ठाऊक नव्हतं, ते पुढच्या तपासण्यांत दिसलं. तू मान हलवलीस. त्याच संध्याकाळी जिन्यात तुझ्या जाऊबाई, आवाज खाली आणायची तसदी न घेता, कुणाला तरी म्हणाल्या, "एवढ्या शंका काढल्या नसत्या तर माणूस हाती लागला असता." मी तुझ्याशेजारी उभी होते. मी वाट पाहत होते, की आता तू वळशील आणि 'नाही' म्हणशील. तू वळली नाहीस. चपला काढल्यास, आत गेलीस, आणि त्यानंतर तुझ्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नाही. यावर आपण कधी बोललो नाही. तू विषय काढला नाहीस, आणि मी पडले होबाई.

आता प्राचार्यांचं म्हणणं असं की कोर्सवरून तुझं नाव काढावं. "त्या येत नाहीत, उत्तर देत नाहीत, आणि साच्यात तशीही शिक्षकाच्या नावाला एकच चौकट आहे. तुमचं घाला." मी प्रथमच त्यांना म्हटलं की विचार करते. ते जरा चमकले.

विचार केला आणि काल शेवटचा पाठ भरला. तो नेहमी तुझा असायचा: जे आधी घडलं तेच कारण, असं धरून चालण्याची चूक. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर दोष कावळ्याला द्यायचा का? तू कावळ्याची वकील व्हायचीस. किती गं भांडायचीस त्या पाखरासाठी! फांदी आतून पोखरलेली असेल, वारा असेल, कावळ्याचं वजन ते केवढं, आणि तो बसलाच नसता तर फांदी टिकली असती याला पुरावा काय? मुलं कावळ्याला निर्दोष सोडून हसत घरी जायची. आता या पाठात काय आहे ते सांगते. शिरस्त्राणधारी एका तुटक्या फांदीकडे बोट दाखवतात. खाली विधान: 'कावळा बसल्यामुळेच फांदी तुटली.' सत्य की असत्य? बरोबर उत्तर म्हणून मी 'सत्य' अशी खूण केली आहे. 'असत्य' म्हणणाऱ्याला शिट्टी. साचेवालीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाई, मला यातलं कळत नाही, पण हे उलटं झालंय ना?" मी म्हटलं, उलटं नाही, हे या पाठाच्या शिक्षिकेचं ठाम मत आहे, गेलं वर्षभर ती याच मतावर जगते आहे, आणि म्हणून त्या एकुलत्या चौकटीत मी तिचं नाव घातलं आहे. तुझं नाव, पदव्यांसकट. सोमवारी सकाळी पाठ खुला होईल आणि मग जो कुणी तो उघडेल त्याला तुझ्या नावानं शिकवलं जाईल की फांदी कावळ्यानं पाडली. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. तुला ते विधान खरं वाटत असेल तर काहीच करू नकोस, पाठ आहे तसा जाईल, आणि मी पुन्हा या विषयात पडणार नाही. वाटत नसेल, तर शनिवारी दुपारी रेकॉर्डिंगची खोली धरून ठेवली आहे. साचेवालीनं साचा मोडून दोन माइक बसवायचं कबूल केलं आहे. कसं ते तिलाही अजून माहीत नाही. हरकत तोंडी आणि समक्षच घेतली जाईल, माझ्या तोंडावर, मोठ्यानं. येताना चिडून ये.

तुझीच,
होबाई